छडीचा चटका

परवा गटाच्या बैठकीत विषय निघाला. जाड दांडक्यापेक्षा निंबाचा बारीक फोक जास्त का झोंबतो? लहानपणी आम्ही सगळ्यांनीच तो खाल्लेला.

फोक हलका, म्हणून वेगात येतो आणि सगळा जोर कातडीच्या अरुंद पट्टीवर पडतो. दुखणं कळवणाऱ्या बारीक नसा तिथे वरवरच असतात. काही नसा निरोप लवकर नेतात, काही सावकाश. म्हणून आधी चटका, मागून आग. दांडक्याचा मार आत मांसात उतरतो, तो ठणकतो.

इंग्रजांनी तर हे कायद्यात मोजून ठेवलं होतं. फटक्यांचा कायदा १८६४ चा. पुढे १८९८ च्या फौजदारी संहितेत मोठ्या माणसासाठी वेत अर्ध्या इंचाहून बारीक नको, फटके ३० च्या वर नकोत. सोळा वर्षांखालच्या पोराला १५. बायांना ही शिक्षा नव्हती. घरात मात्र कोण मोजत होतं?

१९५५ साली ही शिक्षा रद्द झाली. शाळेतल्या मारावर शिक्षण हक्क कायद्याने बंदी घातली ती २००९ मध्ये, कलम १७.

फोकाचा वळ लवकर जातो. पोर सांगायला येतं तेव्हा दाखवायला काही उरलेलं नसतं. आमच्या गटात आता वळ मागत नाही, आधी पोराचं ऐकून घेतो.