पूरबोटीचे इंजिन वर उचलत नाही? मोटर काढण्यापूर्वी हे तपासा

माहूर (प्रतिनिधी) : पैनगंगेला पूर आला की माहूर, किनवट, हिमायतनगर, हदगाव या तालुक्यांतील नदीकाठच्या गावांना बोटीची आठवण होते. २२ जुलै २०२३ रोजी पलीकडच्या महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला. तेथे ४५ जण अडकल्याने हवाई दलाची हेलिकॉप्टर मागविण्यात आली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील रावणगाव, हसनाळ परिसरात राज्य आपत्ती प्रतिसाद दलासह लष्कराला पाचारण करावे लागले. अशा वेळी काठावरची बोट किरकोळ बिघाडामुळे उभी राहणे परवडणारे नसते. जुन्या बोटींत हमखास त्रास देणारा भाग म्हणजे पॉवर ट्रिमची मोटर.

पॉवर ट्रिम म्हणजे काय?

बोटीच्या मागे बसविलेले आउटबोर्ड इंजिन बटणाने वर-खाली करणारी ही यंत्रणा आहे. १२ व्होल्टची लहान मोटर तेलाचा पंप फिरविते आणि तेलाच्या दाबाने सिलिंडरचा दांडा इंजिनाला उचलतो. मोटर उलटी फिरली की इंजिन खाली येते. लहान इंजिनांना बहुधा ही सोय नसते, ती हातानेच उचलावी लागतात. मोठे इंजिन मात्र एकट्या-दुकट्याला हाताने उचलणे कठीण जाते.

पुराचे पाणी शेतात शिरले की पाण्याखाली तारेचे कुंपण, उसाची खोडवी, बांध असे काहीही असू शकते. तेथे इंजिन वेळीच वर घेता आले नाही, तर पंखा अडकतो आणि बोट प्रवाहात आडवी होते. त्यामुळे ही यंत्रणा म्हणजे केवळ सोय नव्हे.

आधी सुरक्षितता

वर उचललेल्या इंजिनाखाली कधीही हात किंवा डोके घालू नये. इंजिन वर असताना आधाराची खिटी लावावी आणि शिवाय लाकडी ठोकळा द्यावा. पेट्रोलची टाकी व नळी दूर करावी. तारा सोडण्यापूर्वी बॅटरीचे जोड काढावेत.

बटण दाबून कान द्या

'मोटर जळाली' हा निष्कर्ष अनेकदा घाईचा ठरतो. दोष कोठे आहे, हे बटण दाबल्यावर येणाऱ्या आवाजावरून बरेचसे कळते.

आवाजच नाही : फ्यूज पाहावा. यंत्रचालकाच्या हातातील बटण चालत नसेल, तर इंजिनाच्या कव्हरवरील बटण दाबून पाहावे. तेथून काम होत असेल, तर दोष पहिल्या बटणात किंवा त्याच्या तारेत आहे.

फक्त 'टिक' आवाज : रिले ओढला जातो, पण मोटरपर्यंत पुरेसा प्रवाह पोहोचत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी स्थिर असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. बटण दाबताच आकडा १० च्या खाली गेला, तर बॅटरी उतरली आहे किंवा निकामी झाली आहे. आकडा टिकून असेल, तर टर्मिनलवरील पांढरा-हिरवा थर खरवडून काढावा आणि जोड घट्ट करावेत.

एकाच दिशेने चालते : बहुतेक इंजिनांत वर आणि खाली जाण्यासाठी स्वतंत्र रिले असतात. दोन्ही एकसारखे असल्यास त्यांची अदलाबदल करावी. दोषही दिशा बदलून आला, तर रिले बदलावा.

मोटर फिरते, पण इंजिन हलत नाही : दोष विजेचा नाही. हाताने उघडण्याचा झडपेचा स्क्रू सैल आहे का, तेल कमी आहे का, ते पाहावे. तेल तपासताना इंजिन पूर्ण वर घेऊन खिटी लावावी. खाली असताना टोपण उघडल्यास दाबाने तेल उडू शकते. उत्पादकाने सांगितलेलेच तेल भरावे. त्यानंतर इंजिन चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली केल्यास आतील हवा निघते.

वर जाते, पण आपोआप खाली येते : झडप किंवा सिलिंडरच्या सीलमधून दाब गळत आहे.

मोटरची थेट परीक्षा

बॅटरी, फ्यूज आणि रिले ठीक असतील, तरच मोटरकडे वळावे. बहुतेक बनावटींत निळ्या छटेची तार वर जाण्याची आणि हिरवी खाली येण्याची असते. दोन तारांच्या मोटरला बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या जाड तारेने क्षणभर थेट प्रवाह द्यावा. तारा उलट केल्या की मोटर उलटी फिरली पाहिजे. काही जुन्या मोटरींना तिसरी, काळी तार असते. तेथे काळी तार ऋण टोकाला जोडून निळी आणि हिरवी यांना आळीपाळीने प्रवाह द्यावा. मोटर फिरली तर ती निर्दोष आहे, दोष मागे शोधावा. फिरली नाही किंवा रखडत फिरून तापली, तर ती उघडावी लागेल.

आत बहुधा पाणी, गंज, झिजलेले कार्बन ब्रश किंवा सुटलेले चुंबक सापडते. ही मोटर ट्रॅक्टरच्या सेल्फ स्टार्टरच्याच जातकुळीतील असल्याने तालुक्याच्या गावातील अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन ब्रश बदलू शकतो. कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने घासावा. एमरी पेपरची भुकटी विजेची वाहक असल्याने तो वापरू नये. परत बसविताना रबरी सील नवीनच घालावे, कारण पाणी तेथूनच शिरते. चुंबक सुटले असेल किंवा आर्मेचर जळाले असेल, तर मोटर बदलणे श्रेयस्कर.

ऐन पुरात बंद पडली तर?

ब्रॅकेटच्या बाजूला झडपेचा मोठा स्क्रू असतो. तो सैल केल्यावर दोघे-तिघे मिळून इंजिन हाताने उचलू किंवा उतरवू शकतात. फिरविण्याची दिशा पुस्तिकेत पाहून ठेवावी. एकाने इंजिन धरल्याशिवाय स्क्रू सोडू नये, आणि इंजिन हव्या त्या जागी आल्यावर तो पुन्हा आवळण्यास विसरू नये. वर घेतलेल्या इंजिनाला खिटी लावावी. या स्क्रूला बसणारा स्क्रू-ड्रायव्हर बोटीतच बांधून ठेवावा.

बोट वर्षभर उभी असली, तरी महिन्यातून एकदा बॅटरी भरून इंजिन वर-खाली करून पाहावे. मे महिन्यात सापडलेला खराब रिले काही मिनिटांत बदलता येतो. तोच दोष जुलैच्या रात्री पुरात सापडला, तर छपरावर बसलेल्या माणसांना वाट पाहावी लागते.