श्वासाचा हिशेब

हैदराबाद शहरातील नारायणगुडा ही वस्ती मराठी वाचकास अगदीच परकी नाही. परभणीकडून येऊन निजामाच्या राज्यात उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोहोचलेले केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० साली निघालेली शिक्षणसंस्था येथेच आहे. याच वस्तीत ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेन्टिव्ह मेडिसिन’ ही जुनी सरकारी संस्था असून लसी, रक्तपेढी, पाण्याची परीक्षा आणि रोगजंतूंचा शोध ही तिची कामे होत. २०१८ साली गोरगरिबांच्या मोफत चाचण्यांसाठी तेलंगण सरकारने आपली मध्यवर्ती प्रयोगशाळा याच आवारात उघडली. जवळच किंग कोठीचे रुग्णालय आहे आणि थोड्या अंतरावर नल्लकुंट्याचे साथीच्या रोगांचे रुग्णालय आहे. या दुसऱ्या रुग्णालयास सर रोनाल्ड रॉस यांचे नाव दिलेले असले, तरी लोक त्यास ‘कोरंटी दवाखाना’ असेच म्हणतात. ‘क्वारंटाइन’ या परक्या शब्दाला जनतेने दिलेले ते घरगुती रूप होय.

२०२० व २०२१ या दोन वर्षांत या परिसराने फुफ्फुसाचा रोग फार जवळून पाहिला. किंग कोठीचे रुग्णालय कोरोनाच्या रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आले. नारायणगुड्याच्या प्रयोगशाळेत नाकाघशातील स्रावाचे नमुने तपासले जाऊ लागले. त्याच वेळी शहरोशहरी खाजगी केंद्रांपुढे छातीचा सी. टी. स्कॅन काढून घेणाऱ्यांची रीघ लागली. फुफ्फुसाच्या पाच खंडांस प्रत्येकी पाच गुण धरून पंचवीसपैकी आकडा येई आणि परीक्षेच्या निकालासारखा तो घरोघर सांगितला जाई. दहाच्या आत आकडा आला की माणसे निर्धास्त होत. पुढे गेला की हवालदिल होत. एका यंत्राच्या चित्राने मनुष्याच्या मनाचा एवढा ताबा घ्यावा, हे कसे घडले? त्यासाठी मागे वळून पाहावे लागते.

न्यूमोनिया म्हणजे फुफ्फुसाचा दाह. फुफ्फुसातील सूक्ष्म वायुकोशांत हवेऐवजी द्रव व पू भरतो आणि रोगी श्वासास महाग होतो. ही घडामोड बरगड्यांच्या आड होत असल्यामुळे वैद्याला शतकानुशतके केवळ अनुमानावर चालावे लागले. १७६१ साली ऑस्ट्रियातील लिओपोल्ड ऑएनब्रुगर यांनी छातीवर बोटाने ठोकून आवाजावरून आतील स्थिती ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. पोकळ जागेचा नाद निराळा आणि भरलेल्या जागेचा निराळा, हे मडके वाजवून घेणाऱ्या आपल्या गृहिणीला सांगावे लागत नाही! पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये रने लाएनेक यांनी कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीस लावली आणि त्यातून स्टेथोस्कोपचा जन्म झाला. तोवर छातीची परीक्षा कानाने होत होती.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि कानाच्या जोडीस डोळा आला. परंतु या चित्रात एक अडचण होती. बरगड्या, हृदय, रक्तवाहिन्या आणि फुफ्फुस या साऱ्यांच्या छाया एकाच पत्र्यावर एकमेकींवर पडत. हृदयाच्या मागे दडलेला दाह अनेकदा डोळ्यांस दिसत नसे. एखाद्या जाड ग्रंथाची सर्व पाने पारदर्शक करून एकदम वाचावयास घ्यावीत, तसा हा प्रकार होता.

ग्रंथाचे एकेक पान वेगळे काढण्याची युक्ती इंग्रज अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी सिद्ध केली. निरनिराळ्या कोनांतून किरण सोडावेत, ते कोठे किती शोषले गेले हे मोजावे आणि त्या मापांवरून गणकयंत्राने शरीराचा आडवा छेद मांडावा, अशी ती कल्पना. तिचे गणित ॲलन कॉरमॅक यांनी १९६३-६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडले होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रोग्याचे असे चित्र निघाले. १९७९ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र ते पहिले चित्र डोक्याचे होते, छातीचे नव्हे. आणि यामागील कारण मोठे अर्थपूर्ण आहे. एका छेदास काही मिनिटे लागत. डोके तेवढा वेळ स्थिर ठेवता येते. छाती ठेवता येत नाही, कारण मनुष्य श्वास घेतो. १९७५ च्या सुमारास एका छेदाचा वेळ वीस सेकंदांवर आला. परंतु धाप लागलेल्या रोग्याने तेवढा वेळ तरी श्वास कसा रोखावा? १९९० च्या आगेमागे सर्पिल गतीने फिरणारी यंत्रे आली आणि नंतर एकाच वेळी अनेक छेद घेणारी आली. तेव्हा कोठे संपूर्ण छाती एका श्वासात टिपता येऊ लागली. छातीच्या छेदचित्राचा इतिहास म्हणजे यंत्राने श्वासाशी लावलेली शर्यतच होय.

हाउन्सफील्ड यांच्या नावाने चालणाऱ्या मापात पाण्यास शून्य व हवेस उणे १,००० हा अंक दिलेला आहे. निरोगी फुफ्फुस हवेने भरलेले, म्हणून त्याचा अंक उणे सातशे-आठशेच्या आसपास असतो. न्यूमोनियाने जो भाग भरून जातो, त्याचा अंक शून्याकडे सरकतो आणि चित्रात तो पांढरा दिसतो. उपचारास न जुमानणारा न्यूमोनिया, फुफ्फुसात झालेले गळू, आवरणात साठलेला पू, श्वासनलिका अडविणारी गाठ हे सारे छेदचित्र स्पष्ट दाखविते. पू काढण्यासाठी सुई कोठून घालावी, हेही ते सांगते. अशा प्रसंगी त्यास तोड नाही.

परंतु हा दाह कोणत्या जंतूने केला, हे चित्र खात्रीने सांगू शकत नाही. त्यासाठी थुंकी व रक्त प्रयोगशाळेतच न्यावे लागते. रोगी बरा होऊन हिंडू लागला तरी चित्रातील डाग कित्येक आठवडे रेंगाळतात. शिवाय साध्या क्ष-किरण चित्रात सुमारे दहा दिवसांच्या नैसर्गिक किरणोत्साराइतके किरण अंगावर येतात. छातीच्या नेहमीच्या सी. टी. मध्ये ते सुमारे दोन वर्षांइतके असतात. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’चे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात हे चित्र काढू नये, असा इशारा दिला. त्यांनी सांगितलेले किरणांचे प्रमाण किरणतज्ज्ञांच्या संघटनेने अतिशयोक्त ठरविले. तरी विनाकारण चित्र काढू नये, हे मूळ तत्त्व अबाधितच राहते. खर्चाचा प्रश्न तर होताच. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये या चाचणीचे दर यंत्राच्या प्रकारानुसार २,००० ते ३,००० रुपयांवर बांधले. तेलंगणात जून २०२१ मध्ये १,९९५ रुपयांची मर्यादा आली. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबास ही रक्कमही काही थोडी नव्हे.

मग जेथे यंत्र नाही, तेथे काय करावे? याचे उत्तर तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्याने दिले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथील खेड्यांत गावच्याच माणसांना आणि सुइणींना बालकाचा श्वास मोजावयास शिकविले. ज्यांना अंक येत नव्हते, त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या रांगा असलेले साधन तयार केले. दोन महिन्यांवरील तान्ह्या मुलाचा श्वास मिनिटास पन्नास किंवा अधिक, आणि वर्षावरील मुलाचा चाळीस किंवा अधिक झाला, की न्यूमोनिया समजून औषध द्यावयाचे, एवढाच नियम. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शेजारच्या ज्या गावांत हा उपक्रम नव्हता, त्यांच्या तुलनेने या गावांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहूनही कमी होते.

लाकडी फळीवरील मणी आणि कोट्यवधींचे यंत्र यांत वैर मानण्याचे कारण नाही. गळू कोठे आहे हे मणी सांगणार नाहीत, आणि आडगावच्या झोपडीत मध्यरात्री यंत्र येणार नाही. चूक घडते ती क्रम उलटा झाल्यावर. आधी रोग्याकडे पाहावे, त्याचा श्वास मोजावा, रक्तातील प्राणवायू पाहावा. मग गरज पडल्यास चित्र काढावे. २०२१ च्या त्या रांगांत पुष्कळांनी चित्र आधी काढले आणि वैद्य नंतर गाठला.

नारायणगुड्याच्या प्रयोगशाळेत आजही नळ्या भरून नमुने येतात. त्या प्रत्येक नळीमागे श्वास घेणारा एक माणूस आहे. ज्या यंत्राला हा श्वास क्षणभर थांबवावासा वाटला, त्याचा उपयोगही अखेर तो श्वास चालू राहावा एवढ्यासाठीच आहे.