बेथेलच्या आवारात, सणाच्या संध्याकाळी

इ.स.पू. ७६० च्या आसपासचा काळ. तुम्ही बेथेलच्या देवळाच्या आवारात उभे आहात. यरुशलेम इथून दक्षिणेला, जेमतेम दिवसभराच्या चालीवर; पण ते यहूदाच्या राज्यात. हे उत्तरेचं इस्राएल. गादीवर दुसरा यराबाम आहे, सीमा रुंदावल्या आहेत, व्यापार तेजीत आहे आणि आज सण आहे. भाजल्या मांसाचा धूर डोळ्यांत जातो. वीणा वाजताहेत. आत सोन्याचं वासरू, पहिल्या यराबामानं दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी बसवलेलं. उत्तरेच्या लोकांनी यरुशलेमला जाऊ नये, ही त्यामागची सोय.

वेदीशेजारी लोक पहुडले आहेत, द्राक्षारस चालला आहे. त्यांच्या अंगाखाली काय अंथरलंय ते जरा वाकून बघा. जाडीभरडी, विटलेली पांघरुणं. त्यांवर लोळणाऱ्यांच्या अंगावरच्या तलम कपड्यांशी त्यांचा काही मेळ नाही. मजुरांनी कर्जापोटी तारण ठेवलेली ती पांघरुणं आहेत. या लोकांच्या धर्मशास्त्रात स्पष्ट सांगितलंय की, गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंत तर सूर्य मावळायच्या आत परत करा. रात्री तो दुसरं काय पांघरणार? सूर्य मावळून घटकाभर झाली.

गर्दीतून एक माणूस पुढे येतो. तकोवाचा आमोस. तकोवा यहूदात, म्हणजे हा इथं परकाच. मेंढरं राखायची आणि उंबराची झाडं सांभाळायची, हा त्याचा धंदा. आपल्या उंबराचाच हा भाऊबंद. फळ गोड व्हावं म्हणून कच्चं असतानाच त्याला चीर द्यावी लागते.

तो दमास्कसपासून सुरुवात करतो. त्यांनी गिलादची माणसं लोखंडी मळणीच्या अवजारांखाली भरडली, परमेश्वर त्यांना सोडणार नाही. गर्दी खूश. मग गाझा, ज्यांनी गावंच्या गावं गुलाम म्हणून विकली. सोर, अदोम. अम्मोन्यांनी मुलूख वाढवायला गर्भिणींची पोटं फाडली. मवाबानं अदोमच्या राजाची हाडं जाळून त्यांचा चुना केला. इथे कान द्या. मवाबाचा हा गुन्हा इस्राएलाविरुद्ध नाहीच, तो अदोमविरुद्ध आहे. तरीही इस्राएलाचा देव त्यावर खवळलाय. शत्रूच्या प्रेताची विटंबनाही ज्याला सोसत नाही, तो नुसता टोळीचा देव उरत नाही.

ईशान्य, नैर्ऋत्य, वायव्य, आग्नेय. फास चोहोबाजूंनी आवळत येतो. यहूदाचंही नाव निघतं, आणि उत्तरेतल्या लोकांना ते फारसं खुपत नाही. मग आमोस इस्राएलाचं नाव घेतो.

आता आरोप युद्धातल्या क्रौर्याचे नाहीत, बाजारातले आहेत. निर्दोष माणसाला चांदीसाठी विकलंत, गरिबाला एका जोड्याच्या मोलात. माप लहान, वजन जड, गव्हात भूस मिसळलेलं. आणि सणाचा दिवस कधी सरतो अन् दुकान कधी उघडतं, याची घाई. वेदीजवळच्या त्या पांघरुणांचाही उल्लेख होतो. काही जण अंगाखालची घडी हळूच सारखी करतात.

श्रीमंत हस्तिदंती पलंगांवर लोळतात, असंही आमोस म्हणतो. तो उल्लेख तुम्हाला कवीची अतिशयोक्ती वाटेल. वाटू देऊ नका. राजधानी शोमरोनच्या उत्खननात १९३० च्या दशकात कोरीव हस्तिदंताचे शेकडो तुकडे निघाले. त्याआधी १९१० मध्ये त्याच टेकडीवर खापरांवर लिहिलेल्या नोंदी सापडल्या होत्या, राजधानीकडे आलेल्या जुन्या द्राक्षारसाच्या आणि तेलाच्या.

लोकांचं उत्तर तयारच आहे: आम्ही निवडलेली प्रजा. आमोस तेच उलटवतो. निवडलंय म्हणूनच हिशेब तुमच्याकडे मागितला जाईल. मिसरातून तुम्हाला बाहेर काढलं हे खरं, पण पलिष्टी लोकांना आणि अराम्यांना त्यांच्या मुलखातून आणणाराही तोच देव आहे. या माणसाच्या तोंडची ही सगळ्यात धाडसी गोष्ट, असं मला वाटतं.

तो आपल्याला झालेले दृष्टांत सांगतो. टोळधाड येत होती, त्यानं गयावया केली की याकोब, म्हणजे इस्राएल, फार लहान आहे, कसा टिकेल? देवाचं मन द्रवलं. मग आग आली, पुन्हा विनवणी, पुन्हा माघार. तिसऱ्यांदा भिंतीला ओळंबा लावलेला दिसला, आणि या वेळी विनवणी नाही. संतापाची बातमी आणणारा माणूस आधी त्या संतापाच्या आड उभा राहिला होता. संदेष्ट्यांना नुसते शाप देणारे बुवा समजणाऱ्यांनी हे वाचलेलं नसतं.

पुरोहित अमस्या पुढे येतो. हे राजाचं देऊळ आहे, यहूदात जाऊन पोट भर, असं तो सुनावतो. आमोस म्हणतो, मी धंदेवाईक संदेष्टा नव्हे, मेंढरांमागून उचलून आणलेला आहे. आणि मग तो शाप उच्चारतो: अमस्याची बायको भर शहरात वेश्या होईल, मुलं तलवारीला बळी पडतील, तो स्वतः परक्या भूमीत मरेल.

इथे तुम्ही अडखळाल, आणि अडखळायलाच हवं. त्या बाईनं काय केलं होतं? ‘तेव्हाची भाषाच तशी होती’ म्हणून पुढे सरकणं सोपं आहे. ते टाळा, आणि थोडे पुढच्या काळात या.

दोन वर्षांनी मोठा भूकंप होतो. हासोरच्या उत्खननात सापडलेल्या कललेल्या भिंती अनेक पुरातत्त्वज्ञ त्याच भूकंपाशी जोडतात. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन अश्शूर साम्राज्याच्या हाती पडतं. राजा सारगोन आपल्या शिलालेखात २७,२९० माणसं धरून नेल्याचं मिरवतो. त्यांत सावकार किती आणि पांघरूण गमावलेले किती, याची वेगळी नोंद त्यानं ठेवलेली नाही.

आणखी शंभरेक वर्षांनी, यहूदाच्या समुद्रकाठच्या एका गढीत, एक कापणी करणारा मजूर अधिकाऱ्याकडे अर्ज करतो: माझं काम पुरं झालं होतं, तरी माझं पांघरूण काढून नेलं, सोबतचे साक्ष देतील, ते मला परत मिळवून द्या. खापरावर लिहिलेला तो अर्ज १९६० मध्ये मिळाला. आमोस येऊन गेला, राज्य बुडालं आणि पांघरुणं ओढून नेणं चालूच राहिलं.

माझं मत असं: आमोसच्या देवाचा राग लहरी नाही. प्रत्येक आरोपाला वस्तू आहे, माप आहे, पीडित माणूस आहे. पण शिक्षा तितकी नेमकी नाही. ती ज्यांच्यासाठी राग आला त्यांच्यावरही कोसळते. बायबलमधल्या आमोसच्या पुस्तकाच्या शेवटी पुनर्वसनाची आश्वासक भाषा येते, बरेच अभ्यासक ती मागाहून जोडलेली मानतात. तिनंही हा पेच सुटत नाही.

आमोसचं पुस्तक नऊच अध्यायांचं आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. आणखीही मराठी भाषांतरं आहेत. जे हाती लागेल ते घ्या, एका बैठकीत वाचा, आणि सातव्या अध्यायातली अमस्याच्या बायकोची ओळ गाळू नका.