मुसळी कधी खणायची?



बोरिवली म्हटलं की आपल्याला लोकलची गर्दी आठवते. पण याच बोरिवलीच्या नावाची एक वनस्पती आहे. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम, म्हणजे आपली सफेद मुसळी. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवणारे स्पॅनिश पाद्री आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांनी फर्नांडिस या सहकाऱ्यासोबत १९५५ साली हे नाव जाहीर केलं. बोरिवलीचं ते जंगल आमच्या मीरा-भाईंदरच्या पाठीशीच आहे. काशीमीरा, चेणे, घोडबंदर ही सगळी त्याच डोंगराच्या कडेची गावं.

नाव १९५५ चं, ओळख मात्र फार जुनी. पाड्यांवरच्या बाया तिला कुलू, कुली, फोडशी म्हणतात. पहिल्या पावसानंतर तिची लांब हिरवी पाती वर येतात आणि त्यांची भाजी होते. पालघरकडच्या वारली घरांत पावसाळ्यातली नवी भाजी आधी देवाला दाखवतात, मगच तोंडात घालतात. पाती खुडली तरी मूळ जमिनीत राहतं, म्हणून भाजीने मुसळी सहसा संपत नाही. ती संपते मूळ खणल्याने, त्यातही अवेळी खणल्याने.

मग मूळ खणायची वेळ कोणती? हा प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून विचारला जातोय. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वनस्पतीचा कोणता भाग कोणत्या ऋतूत घ्यावा ते सांगितलंय. मुळं शिशिरात किंवा ग्रीष्मात, झाडाची पानं गळून गेल्यावर घ्यावीत. साल, कंद आणि चीक शरदात घ्यावा. सुश्रुताने अशा ठरावीक ऋतूंच्या नियमावर शंकाही घेतली आहे, म्हणजे वैद्यांचंही एकमत नव्हतं. मला त्याच ग्रंथातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. औषधी ओळखायची तर गुराखी, शिकारी, रानात राहणारे आणि कंदमुळं खाणारे यांना विचारा, असं सुश्रुत सांगतो. विचारा म्हणतो खरा, पण ज्यांना विचारायचं त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

पानं गळण्याची वाट कशासाठी पाहायची, हे मुसळीवरून चांगलं कळतं. पावसाळाभर पाती अन्न तयार करतात आणि ते खाली मुळांत साठतं. श्रावणाच्या सुमारास पांढरी फुलं येतात, मागून बी पडतं. अश्विनापर्यंत पाती पिवळी पडून वाळतात. तेव्हा मुळं भरलेली असतात, तरी साल अजून कोवळीच असते. मुसळीची शेती करणारे म्हणूनच पाती वाळल्यावरही दोन-तीन महिने मुळं जमिनीतच ठेवतात आणि साल गडद तपकिरी झाली की काढतात. भाद्रपदात खणलेलं मूळ दिसायला गुबगुबीत, पण वाळलं की आक्रसतं. पिकलेल्या मुळातही चार-पाच किलो ओल्याची सुकून जेमतेम एक किलो मुसळी होते, कोवळ्यात तर त्याहून कमी. वजनावर विकणाऱ्या बाईची मेहनत तिथेच वाया जाते.

मग रानातली मुसळी लोक कोवळी का खणतात? अडाणीपणामुळे नव्हे. पाती वाळून गेली की मुसळी कुठे होती तेच दिसत नाही! शिवाय आपण थांबलो तर दुसरा कोणी खणून नेतो, आणि व्यापारी दारात उभा असतो. गेल्या शतकाच्या शेवटी शेवटी शक्तिवर्धक औषधांसाठी मुसळीची मागणी वाढली, भाव चढला आणि रानंच्या रानं बी पडायच्या आधीच उकरली गेली. पुढे अनेक शेतकऱ्यांनी महाग बियाणं घेऊन लागवड केली, मग भाव कोसळला आणि त्यांचेही हात पोळले.

आता कायद्याचं बोलू. बोरिवलीचं जंगल राष्ट्रीय उद्यान आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे तिथून परवानगीशिवाय मूळच काय, पानही नेता येत नाही. आमच्या भागातल्या बायांना हे मी स्पष्टच सांगते. इतर जंगलांत मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींना गौण वनोपजावर हक्क दिला आहे, आणि औषधी वनस्पती, मुळं, कंद त्यात येतात. हक्क मिळालेल्या गावाची ग्रामसभा खणायची वेळ ठरवू शकते. सगळ्यांनी एकाच दिवसापासून खणायचं ठरलं, तर दुसरा नेईल ही भीती राहत नाही.

जागा विसरण्यावर उपाय सोपा आहे. पाती हिरवी असतानाच शेजारी खुंटी ठोकायची किंवा दगड रचून ठेवायचा. खणताना सगळी जुडी उपटायची नाही. जाड मुळं काढून घ्यायची, पण ती जिथे एकत्र जोडलेली असतात तो डोळे असलेला गड्डा एक-दोन मुळांसकट पुन्हा मातीत पुरायचा. पावसाळा तोंडावर आला की त्याच डोळ्यांतून नवी पाती वर येतात.