अँफेटामीनच्या शोधाचा कालनिर्णय

अँफेटामीन ह्या कृत्रिम उत्तेजक औषधाचा शोध केव्हां लागला, ह्या प्रश्नास कोठें इ. स. १८८७, तर कोठें १९२७ असें उत्तर मिळतें. आमच्या मतें हा वाद खरा नाहीं. 'शोध' ह्या एका शब्दाखालीं तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्यानें तो उत्पन्न झाला आहे.

पहिली गोष्ट पदार्थाची घटना. रुमानियन रसायनज्ञ लाझार एदेलेआनु ह्यांनीं १८८७ त बर्लिन येथें हा पदार्थ प्रथम तयार केला. परंतु शरीरावरील त्याचा परिणाम तपासला नाहीं. दप्तरांत बांधून ठेवलेल्या कागदाप्रमाणें तो चाळीस वर्षें पडून राहिला.

दुसरी गोष्ट गुणाची ओळख. मा-हुआंग ह्या चिनी वनस्पतींतून जपानचे नागाई नागायोशी ह्यांनीं १८८५ त एफेड्रीन वेगळें केलें होतें. पुढें दम्यावर तें उपयोगी ठरलें. त्यास कृत्रिम पर्याय शोधतांना अमेरिकेंतील गॉर्डन ॲलस ह्यांनीं १९२७ त एदेलेआनूंचाच पदार्थ पुन्हां बनविला व १९२९ त स्वतःस टोचून घेतला. मन उल्हसित झालें; रात्रीं झोंप मात्र नीट लागली नाहीं. कागद वाचला गेला तो येथें.

तिसरी गोष्ट कारणाचें ज्ञान. डोपामीन हें मेंदूंतील स्वतंत्र संदेशवाहक द्रव्य आहे, हें स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन ह्यांनीं १९५७ पासून पुढें दाखविलें. अँफेटामीन मज्जापेशींत शिरून डोपामीनचा सांठा मोकळा करतें, आणि जें वाहक प्रथिन तें द्रव्य आंत परत ओढतें त्यासच उलट चालवितें, हें त्यानंतर कळलें. सारांश, हें औषध नवी शक्ति देत नाहीं. शिलकेची उधळ करतें.

हें ज्ञान येण्यापूर्वींच वापर मात्र सुरू झाला होता. अँफेटामीनचें भावंड मेथॲंफेटामीन १९३८ त जर्मनींत 'पेर्व्हिटीन' नांवानें विक्रीस आलें, आणि १९४० च्या फ्रान्सवरील स्वारींत सैनिकांस त्याच्या लक्षावधि गोळ्या वांटल्या गेल्या. जपानांत तेंच 'हिरोपोन' नांवानें विकलें जाई. युद्धानंतर त्याचें व्यसन इतकें पसरलें कीं, १९५१ त स्वतंत्र कायदा करावा लागला.

तेव्हां आमचा निर्णय असा: घटना १८८७ ची, ओळख १९२९ ची, अर्थ १९५७ नंतरचा. कागद लिहिल्याची मिती व तो लागल्याची मिती आपण एक मानीत नाहीं. येथेंही मानूं नये. जुन्या कागदाचें वाचन चुकलें तर पुढील अंकांत दुरुस्ती छापतां येते. ह्या अर्धवट वाचनाची किंमत मात्र माणसांनीं आपल्या देहानें भरली.