कोयरीच्या गावाहून आलेलं पिल्लू

आपल्या साडीच्या काठावर, पदरावर कोयरी असते. इंग्रजीत या कोयरीला ‘पेस्ली’ म्हणतात, आणि पेस्ली हे स्कॉटलंडमधल्या एका गावाचं नाव आहे. काश्मिरी शालीवरची कोयरी तिथल्या विणकरांनी उचलली, तशाच पण स्वस्त शाली विणल्या, आणि नाव त्यांच्या गावाचं पडलं. माल आपला, नाव त्यांचं. असो. आज आम्ही शालीबद्दल बोलणार नाही. त्या विणकरांच्या घरात एक छोटं, केसाळ, भुंकरं कुत्रं असे. शहरात डोक्यावर रिबीन बांधून कडेवर घेऊन फिरवतात ते यॉर्कशायर टेरियर त्याच्याच वंशातलं.

गटाच्या बैठकीत हल्ली हा विषय निघतो, म्हणून आज घेतला. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेला मुलगा दिवाळीला येताना असलं पिल्लू घेऊन येतो, चार दिवस फोटो काढतो आणि परत जातो. पिल्लू राहतं आईजवळ. तिला आधीच शेळ्या, कोंबड्या, रोजगार हमीचं काम. मग ते ओट्यावरच्या खांबाला बांधलं जातं, दिवसभर केकाटतं, आणि एक दिवस शेजारच्या पोराला चावतं. सगळे म्हणतात, जातच वाईट. ही जात कुठून आली, ते आधी बघू.

टेरियर हा शब्द जमीन या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला. जमिनीतल्या बिळात तोंड घालून उंदीर, घूस बाहेर काढणारं कुत्रं ते टेरियर. १८४०च्या सुमारास पेस्लीच्या शालींचा धंदा बसला, हातमागावर पोट भरेना. स्कॉटलंडमधले कितीतरी विणकर इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात गेले. तिथे वाफेवर चालणाऱ्या लोकरीच्या गिरण्या होत्या. बायाबापड्या, लहान मुलं सगळी गिरणीत. घर म्हणजे एखाददुसरी खोली. सोबत हे कुत्रं. मोठं कुत्रं ठेवायला जागा नाही आणि खायला घालायला ऐपत नाही. लहान कुत्रं थोडं खाई आणि उंदीर मारी. त्या भागात गंमतीने म्हणत, या कुत्र्याचे रेशमासारखे लांब केस मागावरच विणले असावेत.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. त्या कुत्र्याला कोणी शिकवणीला पाठवलं नव्हतं. एका खोलीत पाच-सात माणसं, रांगती मुलं, शेजाऱ्यांची ये-जा, रस्त्यावर घोडागाड्या. डोळे उघडल्यापासून पिल्लू या सगळ्यात वाढे. माणसाचा हात, मुलाचं रडणं, भांड्यांचा आवाज, कशाचीच त्याला भीती उरत नसे.

१८६५ साली हडर्सफिल्ड गावात एक नर पिल्लू जन्मलं. त्याला ‘हडर्सफिल्ड बेन’ म्हणत. ब्रॅडफर्डच्या मेरी ॲन फॉस्टर नावाच्या बाईंनी त्याला घेतलं आणि प्रदर्शनांत उतरवलं. त्याने सत्तरच्या वर बक्षिसं मिळवली, शिवाय उंदीर मारण्यातही तो पटाईत होता. १८७१ मध्ये गाडीखाली सापडून तो गेला, अवघ्या सहाव्या वर्षी. पण तोवर त्याची इतकी पिल्लं झाली होती की आजच्या साऱ्या यॉर्कशायर टेरियरचा तो मूळपुरुष मानला जातो. मूळपुरुषाचं नाव जगाला ठाऊक आहे. त्याला प्रदर्शनातून प्रदर्शनात घेऊन फिरणाऱ्या बाईंचं नाव सांगायला मात्र आम्हाला आज रेडिओवर बसावं लागतं.

बेनची पिल्लं त्याच्याहून लहान निघत. श्रीमंत बायकांना तेच हवं होतं. मग आणखी लहान, आणखी लांब केसांचं, अशी निवड होत गेली. आज इंग्लंडच्या नियमात या कुत्र्याचं वजन जास्तीत जास्त ३.२ किलो. आपली एखादी गावरान कोंबडी दीड-दोन किलोची भरते, यावरून अंदाज करा. उंदीर मारणारं कुत्रं गादीवर आलं. अंग लहान झालं, स्वभाव मात्र तोच राहिला: उकरायचं, भुंकायचं, हललं की मागे धावायचं. खांबाला बांधलेलं पिल्लू केकाटतं ते उगाच नाही. त्याच्या रक्तात काम आहे आणि आपण त्याला काम दिलेलं नाही.

अंग लहान म्हणून डोकं लहान, असं कोणी म्हणालं तर स्मोकीची गोष्ट सांगा. १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, न्यू गिनीच्या जंगलातल्या एका खंदकात अमेरिकन सैनिकांना ही मादी सापडली. वजन दोन किलोसुद्धा नाही. ज्याच्याकडे ती होती त्याला पत्त्यांच्या डावात परत बसायला पैसे हवे होते, म्हणून त्याने ती दोन ऑस्ट्रेलियन पौंडांना बिल विन या सैनिकाला विकून टाकली. विनने तिला फावल्या वेळात शिकवलं: हाक मारली की येणं, थांब म्हटलं की थांबणं, तारेवर चालणं. १९४५च्या जानेवारीत फिलिपिन्समध्ये विमानांच्या धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. खणत बसलं तर तीन दिवस, आणि तेवढे दिवस विमानं आणि माणसं शत्रूच्या बॉम्बसमोर उघडी. खाली सुमारे ७० फूट लांब, आठ इंच रुंदीचा पाइप होता, त्यातही जागोजागी माती भरलेली. स्मोकीच्या पट्ट्याला दोरी बांधली आणि पलीकडच्या तोंडाशी विन हाका मारत बसला. ती मध्येच घाबरून थबकली, पण त्याच्या आवाजाच्या दिशेने आली. अंधाऱ्या पाइपात तिला ढकलणारं कोणी नव्हतं, मारून तर ती आलीच नसती. पुढे ती दवाखान्यांत जखमी सैनिकांच्या खाटेवर बसत असे. १९५७ मध्ये ती वारली.

पिल्लाची ही भीड नेमकी कधी चेपते, ते अमेरिकेत बार हार्बर या गावी शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं. स्कॉट आणि फुलर या दोघांनी पाच जातींची कुत्री वर्षानुवर्षे पाळून अभ्यासली, त्यांत एक टेरियरची जात होती. ही टेरियर पिल्लं आपसांत इतकी भांडत की मोठ्या घोळक्यात ठेवता येत नसत! त्यांचं पुस्तक १९६५ मध्ये आलं. तिथल्याच एका प्रयोगात काही पिल्लांना चौदा आठवडे माणसाचा स्पर्शच होऊ दिला नाही. ती पुढे रानटी जनावरासारखी माणसाला बिचकू लागली. म्हणजे तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंतचा काळ महत्त्वाचा. विणकरांच्या खोलीत हा काळ आपोआप साधला जाई. दुकानातल्या पिंजऱ्यात तो वाया जातो.

म्हणून पिल्लू घेताना ते किती आठवड्यांचं आहे आणि कोणाच्या घरात वाढलं, हे आधी विचारा. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं घेऊ नका. आणल्यावर पहिला महिना त्याला कडेवर घेऊन मिक्सरचा आवाज, ट्रॅक्टर, म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, सगळं लांबून दाखवा, मग हळूहळू जवळून. लसी पुऱ्या होईपर्यंत गावातल्या कुत्र्यांत मात्र खाली सोडू नका. झोपून उठलं, जेवलं की लगेच परसात न्या, तिथे शी-शू केली की भाकरीचा तुकडा द्या. घरात केली म्हणून नाक घासू नका, त्याला त्यातून फक्त तुमची भीती कळते. कोंबड्यांवर त्याचा भरवसा ठेवू नका, शिकवून झाल्यावरही नाही. दाणे पोत्याच्या घडीत लपवून शोधायला लावा, तेच त्याचं उंदीर मारणं. आपल्या उन्हाळ्यात लांब केस बारीक कापून घ्या, रिबिनीची हौस असली तरी.

आणि रेबीजची लस. तीन महिन्यांचं झालं की पहिली, पुढे पशुवैद्यकीय डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. कुत्रं लहान म्हणून चावा लहान समजायचा नाही. चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, तिखट, हळद, चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथे इंजेक्शन फुकट मिळतं. सगळे डोस पुरे करा, दोन घेऊन थांबू नका.