रोमन शिपायाचे पहिले सामान

भोसरीच्या एखाद्या प्रेस-शॉपमध्ये काम करणाऱ्या तरुणाने बोनसच्या पैशांतून रोमन शिपायाचे चिलखत घ्यायचे ठरविले, तर घरातली वडीलधारी मंडळी काय म्हणतील याची कल्पना तुम्ही करू शकता. मला मात्र या हौसेत हसण्यासारखे काही दिसत नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत आपण मावळ्याचा वेश करतोच की! इतिहासाचे वजन आपल्या खांद्यांना कळावे, ही इच्छा मुळात चांगली आहे. प्रश्न एवढाच, की कष्टाचे पैसे मोजून तुम्ही जे घरी आणणार, ते शिपायाचे सामान असणार की नाटक कंपनीच्या पेटाऱ्यातले?

आणि रोमचे जग आपल्याला वाटते तितके परके नाही. भोसरीवरून जो नाशिक रस्ता जातो, त्यावर नारायणगावाशी डावीकडे वळले की जुन्नर लागते. तेथील लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. यवन म्हणजे रोमनच, असे कोणी समजू नये; पण पश्चिमेच्या समुद्रव्यापाराशी हा मुलूख जोडलेला होता खरा. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन झाले, तेव्हा पोसायडन या समुद्रदेवाची ब्राँझची चिमुकली मूर्ती हाती आली होती.

असो. मूळ रोमन शिपायाला तरी हे सामान फुकट मिळत होते काय? मुळीच नाही. प्रजासत्ताकाच्या काळात ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे शस्त्रे असत. पॉलिबियस सांगतो, की श्रीमंत शिपाई कड्यांचे चिलखत घालीत आणि बाकीचे छातीवर वीतभर चौरस पितळी पत्रा बांधून लढत. पुढे सरकार सामान देऊ लागले, तरी किंमत पगारातून कापली जाई. इ. स. 14 मध्ये पॅनोनियातल्या फौजांनी बंड केले. रोजच्या दहा आस पगारातूनच कपडे, शस्त्रे आणि तंबू यांचा खर्च भागवावा लागतो, ही त्यांची एक मोठी तक्रार होती. इजिप्तमधल्या एका पपायरसावर सुमारे इ. स. 81 मधला एका शिपायाचा हिशेबच सापडला आहे. हप्ता 248 द्राख्मांचा. त्यातून चाऱ्याचे 10, जेवणाचे 80, पायताण-पट्ट्यांचे 12, सणाचे 20 आणि कपड्यांचे 60 वजा होऊन हाती राहिले 66. पगाराच्या पावतीवरच्या कपाती दर महिन्याला वाचणाऱ्याला हा शिपाई सख्ख्या भावासारखा वाटावा! शिपाई मेला, तर त्याच्या शस्त्रांचे पैसे वारसाला परत मिळत. इ. स. 143 मध्ये एका आईने अशी रक्कम घेतल्याची पावतीही उपलब्ध आहे.

आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर यांच्यात हाच फरक होता. शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचे आणी. बारगिराला ते सरकारी पागेतून मिळे. शिवाजी महाराजांचा भर पागेवर होता. सभासदाने 1697 च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, अशी व्यवस्था नोंदविली आहे. हत्यार कोणाचे, यावर शिपाई कोणाचा हे पुष्कळदा ठरते.

आता खरेदीकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे काळ निश्चित करा. रोमचे सैन्य कित्येक शतके टिकले आणि त्याची शस्त्रे सतत बदलत गेली. ऑगस्टसच्या काळचे शिरस्त्राण, ट्राजनच्या काळचे चिलखत आणि तिसऱ्या शतकातली ढाल एकत्र केली, तर बाजीरावाच्या हाती 1857 ची बंदूक दिल्यासारखे होईल.

दुसरी गोष्ट, चिलखत शेवटी घ्या. हे ऐकून उत्साही माणसाचा चेहरा उतरतो, कारण त्याला आधी तेच हवे असते. परंतु लोकरीचा अंगरखा, कमरपट्टा आणि तळाला खिळे मारलेली चामडी पायताणे एवढ्यावरही माणूस रोमन शिपाई दिसतो. नुसते चिलखत आणि खाली आपले कारखान्यातले बूट, हे मात्र कोणालाच दिसत नाही. पायताणांनंतर शिरस्त्राण घ्यावे. तेही डोक्याचे माप देऊन, आत अस्तर धरून.

ज्या पट्ट्यापट्ट्यांच्या चिलखताची चित्रे आपण पाहतो, त्याला पंडित मंडळी लोरिका सेग्मेंटाटा म्हणतात. हे नाव रोमनांचे नव्हे, मागाहून दिलेले आहे. ते नेमके कसे जोडलेले असे, याचा उलगडा होण्यास 1964 साली इंग्लंडात कॉर्ब्रिज येथे सापडलेल्या लाकडी पेटीचा मोठा हातभार लागला. पेटीत सुटी पडलेली चिलखते होती आणि रसेल रॉबिन्सन यांनी त्यांवरून नमुने पुन्हा उभे केले. लोखंडी पट्ट्या आतून चामड्याच्या वाद्यांवर रिव्हेटने बसविलेल्या असत. येथे भोसरीचा कामगार प्राध्यापकापेक्षा शहाणा ठरतो. पत्रा साधारण मिलिमीटरभर जाडीचा हवा; तो बोटांनी सहज वाकत असेल, तर परत ठेवावा. क्रोमचा मुलामा किंवा स्टेनलेस स्टील असेल, तर ते दिवाणखान्यात शोभेल. चामड्याऐवजी रेक्झिन असेल, तर एका पावसाळ्यात कळेल. लोखंडाला पितळी बिजागरी जोडली, की दमट हवेत त्या जागी गंज लवकर धरतो; खऱ्या शिपायालाही हीच डोकेदुखी होती. तेव्हा तेलाची चिंधी सामानाबरोबरच घ्यावी.

हे नको असेल, तर कड्यांचे चिलखत घ्यावे. प्रजासत्ताकापासून साम्राज्यापर्यंत ते वापरात होते आणि आपल्या मराठी चिलखताच्या जातीचेच आहे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात शस्त्रास्त्रांचे दालन आहे. खरेदीपूर्वी तेथे एक दुपार घालवून जुने काम डोळ्यांखालून घालावे. तयार माल मिळवायला परदेशात पाहण्याची गरज नाही. डेहराडूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स कंपनी 1943 पासून तलवारी-कट्यारी बनवीत आली आहे आणि जगभरचे हौशी लोक उत्तर भारतात बनलेली रोमन शस्त्रे अंगावर वागवितात.

तलवार घ्याल ती बोथट. 1959 चा शस्त्र कायदा आणि त्याखालील नियम नऊ इंचांहून लांब पात्याच्या धारदार हत्यारांचा विचार करतात आणि अधिसूचित भागात परवाना लागतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली बंदी हुकूम असेल, तेव्हा मिरवणुकीत ती बाहेर काढणे अंगाशी येईल. जवळच्या पोलीस ठाण्यात आधी विचारावे, हे बरे.

एवढे सारे नवे घेणे परवडत नसेल, तर जुने घ्यायला लाजू नका. रोमन शिरस्त्राणांच्या मानेवरच्या पत्र्यावर कधीकधी दोन, तीन, चार मालकांची नावे एकाखाली एक कोरलेली सापडतात.